'सेल्फ-कम्पॅशन'ला मराठीत काय म्हणावं?

कुडाळकरीण: खाण्याच्या विकारातून बाहेर पडू बघणाऱ्या मुलींसाठी एक कागद मराठीत करतेय. त्यावर स्वतःला पत्र लिहायचं. आज जेवणावरून काय बिनसलं ते आधी मांडायचं, मग हेच जिवलग मैत्रिणीचं झालं असतं तर तिला काय म्हटलं असतं, ते स्वतःला म्हणायचं. उपचार चालू आहेतच, त्यांच्या जोडीला हे. मथळा दिला 'आत्मकरुणा-लेखन'. पहिल्याच मुलीने विचारलं, "म्हणजे स्वतःची कीव करत बसायची?" दुसरा शब्द आहे का?

भाट्ये: आत्मकरुणा हाच योग्य. कीव म्हणजे वरून खाली बघणं, करुणेत तसं नाही. शब्द वापरून रुळतो. सावरकर १९२४ ते १९३७ आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते. इथूनच त्यांनी भाषाशुद्धी लावून धरली. त्यांचा 'महापौर' आज कोणाला खटकतो?

घाटावरचा: महापौरांना रात्री अकरा वाजता रडत स्वतःला पत्र लिहायचं नसतं. आणि मराठीत करुणा 'भाकतात', देवाकडे नाहीतर सावकाराकडे. स्वतःपुढेच पदर पसरायचा?

वेंगुर्ल्याची: 'माया' घ्या. "जीवाक इतको तरास करून घेव नको गो" असं आजी म्हणायची, त्यात तुमचं सगळं पत्र आलं. शिवाय शिंपी ब्लाऊजच्या शिवणीत आत जास्तीचं कापड ठेवतो, तीही माया. अंग भरलं की उसवून सैल करता येतं. माझ्या मते मूळ अर्थ हाच असणार.

भाट्ये: मूळ अर्थ शिवणीचा? वेदान्ती ऐकतील तर काय म्हणतील!

निवृत्त डॉक्टरीण: व्युत्पत्ती सोडा, पण शिवणीचं उदाहरण या कागदावर नको. सैल करावा लागलेला ब्लाऊज हीच यांच्यातल्या कित्येकींची सगळ्यात मोठी धास्ती असते.

आता मूळ मुद्दा. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये ही 'सेल्फ-कम्पॅशन'ची कल्पना मांडली तेव्हा तिला तीन अंगं दिली. स्वतःशी मायेनं वागणं हे एक. चुकणारे आपण एकटेच नाही, सगळी माणसं अशीच, हे दुसरं. दुखतंय ते न दाबता, न फुगवता बघणं हे तिसरं. 'माया'त पहिलंच येतं. शिवाय या मुलींना मऊ शब्दाची भीती वाटते. 'जरा सैल सोडलं की सगळंच हातचं जाईल' हे त्यांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. स्वतःला फटकारल्यामुळेच आपण ताळ्यावर आहोत असं त्यांना वाटतं. २०१५ मध्ये संशोधक केली आणि कार्टर यांनी अतिखाण्याचा विकार असलेल्यांना तीन आठवडे स्वतःशी मायेनं वागण्याचा सराव दिला, त्याचा उपयोगही दिसला. पण मथळाच गुळचट असेल तर कागद घडी होऊन वहीत जातो, पुढे कोणी लिहीत नाही.

घाटावरचा: अतिखाण्याला सरळ 'भस्म्या' म्हणा की.

निवृत्त डॉक्टरीण: नको. भस्मकात अग्नी भडकलेला, खाल्लेलं जळून जातं आणि भूक शमत नाही. इथे भूक नसतानाही खाल्लं जातं, आणि मागाहून लाज. इंग्रजी नावंही काही धड नाहीत. 'अ‍ॅनोरेक्सिया' म्हणजे भूक नसणं, पण या पोरींना भूक लागते, त्या ती दाबतात. 'बुलिमिया' म्हणजे ग्रीकमध्ये बैलाची भूक.

मालवणचो: तुम्ही सगळे लांबून फिरताय. आमच्याकडे गाऱ्हाणा घालतत. नारळ ठेवून जाणता माणूस म्हणतो, "काय चुकला-माकला असात ता सांभाळून घे रे म्हाराजा!" आणि मागे उभे असलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" डॉक्टरीणबाईंची तिन्ही अंगं आली की. जे घडलं ते सांगितलं, सांभाळून घ्या म्हटलं, आणि एकट्याने नाही, अख्ख्या वाडीने. मथळा द्या 'स्वतःला गाऱ्हाणं'.

घाटावरचा: आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. सांगली-साताऱ्याच्या मुलीने वाचलं तर ती स्वतःविरुद्ध तक्रारीच लिहून काढेल, आणि ते तर ती रोजच करते.

भाट्ये: संस्कृत 'गर्हणा' बघा, निंदा. म्हणजे घाटावरचा अर्थच मूळचा.

मालवणचो: मूळचा असेल, पण देवासमोर कोणाचा चालतो?

कुडाळकरीण: 'सांभाळून घेणे' मला आवडलं. "काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या" असं आपण पाहुण्यांना म्हणतोच. त्याआधी 'चुका पोटात घालणे' लिहिलं होतं, तर एक जण म्हणाली, "ताई, पोटात आणखी काय घालू?" हसली, पण मी खोडलं. मथळ्याची जागा सध्या कोरी आहे. खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ तेवढा टाकलाय. पण गणपती जवळ आलेत, आणि मला त्याहून मोठी काळजी 'तब्येत सुधारली' या शब्दांची आहे. मुंबईची आत्या दारातच म्हणते, "वा, तब्येत सुधारली हां!" आपल्यात याचा अर्थ जाड झालीस. महिनाभर सावरत आणलेली मुलगी आरतीनंतर पानावर बसत नाही.

वेंगुर्ल्याची: मग "कित्या गो सुकलंस?" म्हणावं. ते तरी मायेचं.

निवृत्त डॉक्टरीण: अजिबात नको. ती शाबासकी समजते.

वेंगुर्ल्याची: "जेवलंस?"

निवृत्त डॉक्टरीण: तेही सगळ्यांसमोर नको.

मालवणचो: मग चाकरमान्यांनी इचारूचा तरी काय? "गाडी किती लेट?" इतक्याच?