बॅबिलॉन ५ चं चौथं पर्व एवढं घाईत का उरकलं? आणि आमच्या आठ भागांचं काय?

मलप्रभाकाठ, खानापूर

बॅबिलॉन ५ ही अंतराळस्थानकावरची अमेरिकन मालिका पूर्ण बघून झाली. तीन पर्वं ज्या शॅडो नावाच्या परग्रहवासी शत्रूंशी युद्धाची तयारी चालते, ते चौथ्या पर्वाच्या सहाव्या भागातच संपतं. मग पृथ्वीवरची यादवी धडाधड उरकतात, आणि पाचवं पर्व सुरुवातीला नुसतं रेंगाळतं. वर इवानोव्हा ही स्थानकावरची अधिकारी पाचव्या पर्वात कुठंच नाही, पण शेवटच्या भागात हजर. तिच्या जागी आलेली लॉकली मात्र त्या भागात गायब. लेखकाचं गणित चुकलं की मागं काही वेगळंच शिजलं?

विचारायचं कारण असं, की आमचा गट मराठीत अंतराळयानावरची वेबमालिका करतोय. आठ भाग, प्रत्येकी वीस मिनिटं. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वस्तीत, पत्र्याची शेड मिळालीय, बाहेरचं शूटिंग खानापूरकडच्या रानात. सगळे नोकरीवाले, म्हणजे शनिवार-रविवारच. लिहितानाच काय धरून चालावं?

घटप्रभा

लेखकाचं गणित बरोबर होतं, पाट मध्येच काढून घेतला.

मालिका पाच वर्षांची म्हणूनच आखलेली होती. पण ती दाखवणारं पीटीईएन हे वाहिन्यांचं जाळं १९९७ मध्ये गुंडाळलं गेलं. चौथं पर्व लिहिताना पाचवं मिळेल याची खात्रीच नव्हती. मालिकेचे कर्ते-लेखक स्ट्राझिन्स्की यांच्या मूळ आखणीत चौथं पर्व आता अठरावा असलेल्या भागावर थांबणार होतं. नायक कॅप्टन शेरिडन कैदेत, चौकशी चाललेली, आणि पडदा. यादवीचा शेवट पाचव्याच्या सुरुवातीला यायचा होता. पाचवं हातात नाही म्हटल्यावर तो सगळा ऐवज त्यांनी चौथ्याच्या शेपटीत कोंबला. मग ऐनवेळी टीएनटी वाहिनीनं पाचवं पर्व घेतलं! तोवर सुरुवातीचा मसाला वापरून झालेला. बायरन आणि त्याच्या टेलिपाथांचं, म्हणजे मनं वाचणाऱ्यांचं, प्रकरण एवढं लांबलेलं दिसतं ते म्हणूनच.

इवानोव्हाचं कोडंही त्यातच सुटतं. मालिकेचा शेवटचा भाग, ‘स्लीपिंग इन लाइट’, चौथ्या पर्वाबरोबरच चित्रित झाला होता, कारण तोच शेवट ठरणार असं वाटत होतं. पाचवं मिळाल्यावर तो बाजूला ठेवला, चौथ्याला दुसरा शेवट करून लावला, आणि ठेवलेला भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये दाखवला. मधल्या काळात इवानोव्हा करणाऱ्या क्लॉडिया क्रिश्चन मालिका सोडून गेल्या. लॉकलीचं पात्र तर हा भाग चित्रित झाला तेव्हा जन्मलंच नव्हतं.

एक मात्र मानलं पाहिजे. प्रत्येक मुख्य पात्राला स्ट्राझिन्स्की यांनी आधीपासून एक चोरदरवाजा, म्हणजे कथेतून बाहेर पडायची वाट, ठेवलेला. स्थानकाचा पहिला कमांडर सिंक्लेअर करणारे मायकेल ओ’हेअर आजारपणामुळे पहिल्या पर्वानंतर थांबले, तरी कथा कोसळली नाही. तिसऱ्या पर्वात त्यांना दोन भागांपुरतं आणून सिंक्लेअरचा धागा असा बांधलाय, की सगळं पहिल्यापासून ठरलेलंच वाटावं.

वडगाव नाका

चोरदरवाजाचं कौतुक जरा जास्तच होतं बघा. तो उपयोगी पडतो तो माणूस पर्वाच्या शेवटी गेला तर. मधल्या आठवड्यात कोणी आडवं झालं तर काय? त्याला डॉक्टर हू ही ब्रिटिश मालिका बघा.

१९६८ मध्ये आधीची एक कथा सहाऐवजी पाच भागांवर आणली, आणि उरलेला भाग पुढच्या ‘द माइंड रॉबर’ला चिकटवला. नव्या सेटला पैसा नाही. मग काय केलं? पांढऱ्या पडद्याची मोकळी पोकळी, टार्डिसचा, म्हणजे डॉक्टरच्या यानाचा, असलेला सेट आणि दुसऱ्या मालिकेतून उचललेले यंत्रमानव. भाग तयार! आजही अंगावर येतो. त्याच कथेत डॉक्टरचा सोबती जेमी करणाऱ्या फ्रेझर हाइन्सना कांजिण्या आल्या. तर जेमीचा चेहरा कोऱ्या कोड्यासारखा होतो, डॉक्टर तो चुकीचा जुळवतो, आणि पुढं दुसराच नट जेमी म्हणून वावरतो. पटकथेत दोन पानांची भर, तेवढ्यात भागलं.

त्या मालिकेची अर्धी ओळखच टंचाईतून आलीय. यान दर ठिकाणी नवं रूप घेणार होतं, तो खर्च झेपेना, म्हणून यंत्र बिघडून ते पोलिस बॉक्सच राहिलं. पहिला डॉक्टर करणाऱ्या हार्टनेल यांची तब्येत ढासळली तेव्हा, १९६६ मध्ये, डॉक्टरचा देह बदलायची युक्ती निघाली. १९७० मध्ये रंग आला, पर्वाचे भाग चव्वेचाळीसवरून पंचवीसवर उतरले, आणि डॉक्टरला पृथ्वीवर हद्दपार केलं. परग्रह उभारायला नकोत ना!

उलटं उदाहरणही आहे. स्टार ट्रेक नेक्स्ट जनरेशनचं दुसरं पर्व. १९८८ चा लेखकांचा संप मार्च ते ऑगस्ट चालला, भाग बावीसच झाले. शेवटचा भाग तीन दिवसांत उरकला: यानावरचा अधिकारी रायकर पलंगावर बेशुद्ध आणि जुन्या भागांचे तुकडे. तिथं अडचण कथेत मुरलीच नाही, नुसती वर तरंगते.

नेपथ्य_टिळकवाडी

आता शेडकडं या.

पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरा. आठ गुणिले वीस, १६० पानं. नवख्या गटाची दिवसाला चार-पाच पानं होतात, म्हणजे ३२ ते ४० दिवस, म्हणजे सोळा ते वीस आठवडे. दसऱ्यानंतर सुरू केलंत तर मार्चपर्यंत उरकेल. जानेवारीत सुरू कराल तर मे उजाडेल, आणि राहिलेले शॉट खानापूरच्या पावसात घ्यावे लागतील. म्हणून रानातली सगळी दृश्यं आधी.

निम्मी पानं, ऐंशी, एकाच नियंत्रणकक्षात लिहा. आठही भागांतली ती दृश्यं सलग घ्या, सेट पुन्हा लावायचा नाही. यात मार खायची जागा कंटिन्युइटी. पहिल्या भागातला आणि सातव्यातला प्रसंग एकाच दुपारी घेताना जखम कुठल्या गालावर, दाढी किती, बटण कुठलं उघडं, हे कोणाच्याच ध्यानात राहत नाही. दृश्यवार तक्ता करा, प्रत्येक नटाचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढा.

भिंतींना आठ बाय चार फुटांचे फ्लॅट, म्हणजे नेपथ्याचे सुटे फळे, नाटकाला करतो तसेच, मागं लाकडी चौकट आणि तिरका टेकू. किमान एक भिंत निघणारी हवी, नाहीतर कॅमेरा मागं जाणार कुठं? बोळ एकच बांधा, दोन्ही बाजूंना तीन-तीन फ्लॅट. दिव्याचा रंग बदला, दोन फ्लॅटची अदलाबदल करा, यानाचा दुसरा मजला झाला. लेसर कटिंगवाल्याकडं उरलेले भोकांचे पत्रे भंगाराच्या भावात मिळतात, यानाला तेच शोभतात. पण लावायच्या आधी मॅट स्प्रे मारा, नाहीतर पत्र्यात कॅमेरामन दिसणार.

आवाज हा खरा वैरी. दुपारी पत्रा तापला की टण्‌टण् वाजतो, म्हणून संवाद सकाळी अकराच्या आत. शेजारच्या कारखान्याची सुट्टी कुठल्या वारी ते विचारून घ्या. वडगाव-शहापूरकडं घर घेऊन शूट करायचा विचार असेल तर कापडाच्या मागांच्या खटखटीचं काय ते आधी ठरवा, ती नंतर निघत नाही.

हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते आणि समोरचा दिवा उमटतो. जवळच्या शॉटला काच काढूनच ठेवा.

मलप्रभाकाठ, खानापूर

तक्ता आजच करायला घेतो. एक राहिलं. कॅप्टन करणाऱ्याची हुबळीला बदली होईल असं दिसतंय, कधी ते नक्की नाही. दुसरा नट घ्यायचा नाहीये.

घटप्रभा

मग चोरदरवाजा त्याच्यासाठीच ठेवा की ओ. १९६६ मध्ये मूळ स्टार ट्रेकला पटकथा वेळेत मिळेनात, तेव्हा नाकारलेल्या पहिल्या पायलटचं, म्हणजे नमुन्याच्या भागाचं, चित्रण वापरून दोन भाग उभे केले. त्यातला कॅप्टन पाइक करणारा नट मिळण्यासारखा नव्हता. म्हणून पाइकला अपघात झाला, चेहरा भाजला, खुर्चीत खिळला, आणि तो दुसऱ्या नटानं केला. नुसता दिवा लुकलुकवून ‘हो-नाही’ सांगतो, संवादच नाहीत. तुम्हाला दुसरा नट नको, तर यातली युक्ती तेवढी घ्या.

नेपथ्य_टिळकवाडी

आणि पहिल्याच शनिवारी तुमच्या कॅप्टनच्या शॉटांचा साठा करून ठेवा. काळ्या पडद्यासमोर चेहरा: सरळ, डावीकडं बघताना, उजवीकडं बघताना, ऐकताना, दचकताना. प्रत्येकी एक मिनिट, त्याच्या प्रत्येक पोशाखात, एकच लेन्स. काळ्या पार्श्वभूमीवरचं हे यानाच्या संदेशपडद्यात कुठंही बसतं. शिवाय पाच-सहा नोंदवहीचे संवाद नुसत्या आवाजात, आणि शेवटी सगळ्यांनी गप्प राहून शेडचा रिकामा आवाज तीस सेकंद. तो नसेल तर नंतर जोडलेलं वाक्य कानाला लगेच कळतं.