मदत हवी आहे : जुन्या व्हॅनचं ऑइल नक्की कुठून गळतंय?

सोलापूर. जुनी पेट्रोल व्हॅन, तीन सिलिंडरचं इंजिन सीटखाली. तुळजापूरला जाऊन आलं (साधारण ९० किमी) की रात्रीतून खालच्या पुठ्ठ्यावर तळहाताएवढा डाग, बरोबर इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्याखाली. गिअर ऑइलचा उग्र गंधकी वास नाही, म्हणजे इंजिन ऑइलच.

टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि ड्रेन प्लगचा वॉशर नवा. इंजिन धुऊन, कोरडं करून टाल्कम पावडर फवारली. जागेवर १५ मिनिटं चालवून पावडर कोरडीच. रस्त्यावर २० किमी फिरवल्यावर मात्र डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगना क्रमाने वीज पोचवणाऱ्या भागाच्या) बुडाशी ओली रेघ, तिथून खाली.

मेकॅनिकच्या मते मागचं क्रँक सील (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं रबरी कडं) गेलंय, गिअरबॉक्स उतरवायचा. मला ही घाई वाटते. ऑइल वरून ओघळतं, वाऱ्याने मागे पसरतं. ते सील गेलं असतं तर ऑइल क्लचवर येऊन तो घसरू शकला असता, तसंही होत नाही. शिवाय ब्रीदर पाइप (इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारी नळी) काळ्या चिकट्याने तुंबलेला निघाला. आतला दाब वाढला की धडधाकट सीलही पाझरतं. पाइप साफ केलाय.

आधी डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग (बुडाचं रबरी कडं) बदलायची आहे. बॉडी आणि रोटरवर (आतल्या फिरत्या भागावर) खुणा करून काढला, तर टायमिंग लाइटशिवाय (ठिणगीची वेळ तपासायच्या दिव्याशिवाय) परत नीट बसतो का? आणि गळती शोधायचा यूव्ही डाय (ऑइलमध्ये घालायचा, अतिनील दिव्याखाली चमकणारा रंग) सोलापुरात कुठे मिळेल?