म्हशीचं शिंग सपाट केलं तरी पुन्हा वाकतंय, काय करू?

तालमीतला_तिरंदाज
राम राम मंडळी. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या गवळीमामांकडून पंढरपुरी म्हशीची शिंगं मिळालीत. म्हैस म्हातारी होऊन गेली. हाताहून लांब आहेत, बघूनच नाद खुळा! जुन्या पद्धतीचं धनुष्य करायचंय: मध्ये लाकूड, पोटाला (आपल्याकडच्या बाजूला) शिंग, पाठीला शिरा (जनावराच्या स्नायूंचे चिवट तंतू). बाहेरच्या वळणावरून पट्टी कापली, उकळली, सी-क्लॅम्पमध्ये दाबली. संध्याकाळी काढली तेव्हा सपाट, सकाळी बघतो तर परत पन्हळ. अजून जास्त उकळू का? आई म्हणते, हा वास आता घरात चालायचा नाही.

उद्यमनगरचा_फिटर
भावा, उकळायचं नको, दाबात राहू दे. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखाचीच जात. तापलं की मऊ होतं, निवताना जसं धरलंय तसं बसतं. पण आत पाणी आहे तोवर त्याचा काही भरवसा नाही. दोन-तीन दिवस दाबातच वाळू दे.

पट्टी किती जाड आहे? आतून कानशीने घासून सात-आठ मिलिमीटरवर आण, जाड पट्टी हट्टी असते. दोन ॲल्युमिनियमच्या प्लेटा घे आणि त्याही त्याच पाण्यात तापव. गार प्लेट लागली की वरचा थर लगेच आखडतो, मग दाब दिला की आतल्या अंगाला चीर जाते. स्क्रू पाव आटा फिरव, थांब, परत पाव. 'चर्र' झालं की हात काढ आणि पट्टी परत पाण्यात टाक. एका दाबात सपाट करायच्या फंदात पडू नको.

पन्हळ आणि पीळ काढ, लांबीची कमान मात्र ठेव. दोरी नसताना धनुष्य उलटं वळलेलं असतं, त्याला ती कमान बरोबर बसते. आणि ब्लो-लॅम्प लावू नको. केस जळल्याचा वास आला म्हणजे शिंग ठिसूळ झालं.

राधानगरीकर
एक सांगून ठेवतो. कुणी गव्याचं किंवा सांबराचं शिंग देतो म्हणालं तर हातसुद्धा लावू नका, वन्यजीव कायदा १९७२ आहे. शिवाय सांबराचं शिंग म्हणजे हाड, ते उकळून असं वळत नाही.

सुतारकाम_जुनं
चिकटवायला सरस वापरणार ना? मग लाकूड आणि शिंग, दोन्हींवर उभ्या बारीक रेघा ओढून घ्या, सरसाला धरायला जागा मिळते. शिंग थंडीत चिकटवा, शिरा उन्हाळ्यात बसवा. आपल्याकडच्या पावसात सरस ओल धरतो. आषाढात असं धनुष्य ताणायचं म्हणजे सांधा सुटायची तयारी.

तालमीतला_तिरंदाज
@फिटर दादा, प्लेटा कुठं मिळतील?

उद्यमनगरचा_फिटर
भंगारवाल्याकडं किलोवर मिळतात. दहा मिलिमीटरच्या खाली घेऊ नको, दाबाला प्लेटच वाकते. आणि काम चुलीवर अंगणात कर, आईला त्रास नको.