पेटीतली बाळं आणि तो अलार्म : तुमचे अनुभव

दुपारी कपडे धुवायचं मशीन टुंई टुंई वाजलं आणि माझा हात आपसूक शेजारी झोपलेल्या लेकीच्या तळपायाकडे गेला. नऊ वर्षांची आहे ती आता! २७व्या आठवड्यात झाली, ९४० ग्रॅम, म्हणून पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) होती. दिवसातून दहा-बारा वेळा श्वास घ्यायलाच विसरायची. २० सेकंद काही नाही, मग सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ७०, ठोके १५० वरून ६५, आणि अलार्म टुंई टुंई. सिस्टर तळवा चोळायच्या की गाडी सुरू. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं आहे, डॉक्टर समजवायचे. पटायचं. पायातलं बळ तरी जायचंच. तुम्हीही लिहा.

जुळ्यांची आई
आमचं सगळं दूध पिताना. ३४ आठवडे भरले तरी चोखणं, गिळणं, श्वास यांचा मेळ बसेना. ओठ निळसर व्हायचे. सिस्टरनी कुशीवर धरून, दर तीन-चार घोटांनी थांबून पाजायला शिकवलं. धाकटा उठला, नंतर लिहिते

रातराणी
कॅफीन!! कॉफीतलंच ते, श्वास विसरू नये म्हणून बाळाला देतात ऐकून मी उडालेच होते. दोन दिवसांत अलार्म निम्म्यावर आले.

एक बाबा
बाबांनी लिहिलं तर चालेल? घरी सोडायला सलग ७ दिवस ब्रॅडी (ठोके एकदम मंदावणं) नको होता. सहाव्या रात्री आला. मोजणी परत शून्यावर. जिन्यात बसून रडलो, बायकोला आजवर सांगितलं नाही.

रातराणी
चालेल काय, लिहाच. आणि सांगा हो तिला.

निळी छत्री
आमचे ब्रॅडी कमी झालेले, एके दिवशी अचानक वाढले. सिस्टरना खटकलं, रक्त तपासलं तर जंतुसंसर्ग. वेळेत कळलं. त्यामुळे "आज जास्त होतंय" असं वाटलं तर बोला, संकोच नको.

नवी आई
आमचं आत्ता आत आहे. २९ आठवडे, १२वा दिवस. काल तीनदा. मी नुसती आकडे बघत बसते

धागाकर्ती
अगं, आकड्यांआधी बाळाचा रंग बघ. पायाची सेन्सरची पट्टी सैल झाली तरी वाजतं ते. छातीवर घ्यायला देतात का?

नवी आई
हो, कालपासून. दीड तास होता. एकदाही नाही वाजलं.

जुळ्यांची आई
आले परत. टोप्या केवढ्या विणायच्या गं एवढ्याशा डोक्याला? माझ्याकडे लोकर पडून आहे, दोन करते