रे हॅरून 'ढापून' जिंकला म्हणे!

टॉपगिअर_अण्णा: काल इथे एकाने ठोकून दिलं की १९११ ची पहिली इंडियानापोलिस ५००, म्हणजे अमेरिकेतली ५०० मैलांची कार रेस, हॅरूनने जिंकलीच नाही, खरा विजेता राल्फ मलफर्ड, हॅरूनने ढापली. डोकंच फिरलं वाचून. अरे तो मार्मन या कार कंपनीचा इंजिनिअर, १९१० चा सीझन गाजवून रिटायर झालेला, स्वतः डिझाइन केलेली वॉस्प नावाची गाडी घेऊन फक्त या एका रेसला परत आला आणि ५०० मैल ६ तास ४२ मिनिटांत काढले, नंतर रेसिंग कायमचं बंद. बाकीचे सुसाट सुटून विटांच्या ट्रॅकवर टायर फाडत होते, हा एका लयीत चालवत राहिला म्हणून टायर बदलायला कमी थांबला. याला ढापणं म्हणतात?

लोझियरवाला: ती पोस्ट माझी. निम्म्या रेसला मेन स्ट्रेचवर, म्हणजे समोरच्या सरळ पट्ट्यावर, एका गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलेला मेकॅनिक खाली पडला, त्याला वाचवायला हॅरी नाइटने गाडी वळवली ती थेट पिटमधल्या (टायर-दुरुस्तीच्या थांब्यावरच्या) गाडीवर. त्या गोंधळात लॅप, म्हणजे ट्रॅकच्या फेऱ्या, कोण मोजत होतं? निकालाचे तक्ते दुसऱ्या दिवशीही तपासत होते. मी कॉलेजात सायकल रेसला लॅप मोजलेत, पाऊस आल्यावर मूठभर पोरांचा घोळ निस्तरेना, इथे ४० गाड्या होत्या!

टॉपगिअर_अण्णा: घोळ झाला, मान्य. पण आकडे सगळ्यांचेच घोळात, मग त्यातून मलफर्डच कसा जिंकतो?

घाटरस्ता: दोघांचं भांडण चालू दे, पण सायरस पॅचकीचं नाव घ्या की कोणीतरी. मध्ये तिसेक लॅप हॅरूनची गाडी त्याने चालवली. १९२४ ला याच रेसमध्ये एकच गाडी आळीपाळीने चालवणाऱ्या कोरम आणि बॉयर दोघांना विजेते धरलं, मग याला का नाही?

टॉपगिअर_अण्णा: बॉयरने गाडी शेवटपर्यंत नेली, पॅचकीने परत दिली. आणि बाकीच्यांच्या शेजारी मागचं बघायला मेकॅनिक असायचा; त्याच्याशिवाय, आरसा लावून धावायची हिंमत हॅरूनचीच.

घाटरस्ता: विटांवर तो आरसा इतका थरथरायचा की काही दिसत नव्हतं, हे हॅरूननेच नंतर सांगितलंय. माझे वडील ट्रकवर क्लीनर होते. खंबाटकीत ब्रेक तापले की रात्री चाकाखाली दगड लावायला उतरायचे तेच, गाडी घरंगळली तर आधी जाणार तेच, आणि ओळख मात्र ड्रायव्हरची. त्या रेसमध्ये ग्राइनर नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीला अपघात झाला, ग्राइनर वाचला, शेजारी बसलेला मेकॅनिक सॅम डिक्सन गेला. इतकं लांब लिहिलंत, त्याचं नाव कुठंय?

टॉपगिअर_अण्णा: मग हॅरूनने एक जीव कमी धोक्यात घातला असं म्हणा ना!

घाटरस्ता: सोयीचा अर्थ काढू नका. गाडी हलकी आणि सडपातळ व्हावी म्हणून ती सीट गेली, कोणाच्या जिवासाठी नाही. आणि १९१२ ला काय केलं? मेकॅनिक सक्तीचा! डिक्सन जाऊन वर्ष होतंय तोवर.

टॉपगिअर_अण्णा: डिक्सनचं नाव यायला हवं होतं, ठीक आहे. पण त्याचा राग हॅरूनवर का काढताय?

लोझियरवाला: मूळ मुद्द्यावर या. टायरचं मला पटतं, मलफर्डचा वेळ तिथेच गेला. पण अधिकृत फरक १ मिनिट ४३ सेकंद. अडीच मैलांचा लॅप, ताशी ७४.६ मैल, म्हणजे एका लॅपला २ मिनिटं. एक, फक्त एक लॅप मोजायचा चुकला असेल तर निकाल उलटा होतो. याचं उत्तर द्या.