इबोलाच्या साथीतील सूचना : विषाणू कुठून आला हे सांगावे, की घरात काय करावे हे?

रानवाट :
२०१४ च्या साथीत पश्चिम आफ्रिकेतील गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरिया या तीन देशांत मिळून ११,००० हून अधिक माणसे इबोलाने मरण पावली. लोकांना सुरुवातीला दिलेल्या सूचना खोट्या नव्हत्या, पण त्यांचा रोख चुकला होता, असे माझे मत आहे. भित्तिपत्रकांवर वटवाघळे आणि माकडे ठळक होती, रानातल्या प्राण्यांचे मांस खाऊ नका असे बजावलेले होते आणि या रोगावर उपाय नाही, असेही लिहिलेले होते. डिसेंबर २०१३ मध्ये गिनीतील मेलियांदू गावातल्या एका लहान मुलापासून साथ सुरू झाली असे मानले जाते, आणि त्याला वटवाघळापासून लागण झाली असावी. त्यानंतर मात्र विषाणू जवळजवळ सर्वत्र माणसाकडूनच माणसाकडे गेला. उलटी, जुलाब, रक्त आणि मुख्य म्हणजे मृतदेह यांच्या स्पर्शातून. जन्मभर रानातले मांस खाऊन ठणठणीत राहिलेल्या माणसाने अशा पत्रकावर विश्वास का ठेवावा? आणि उपायच नसेल, तर आजाऱ्याला दवाखान्यात तरी का न्यावे?

तिठा :
मागे वळून पाहताना हे सोपे वाटते. विषाणूच्या जनुकीय विश्लेषणातून साथ माणसांमध्येच फिरते आहे हे ऑगस्ट २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. साथ ओळखली गेली त्या मार्चमध्ये प्राण्यांपासून पुन्हा लागण होण्याची भीती अवाजवी नव्हती. मान्यताप्राप्त औषध किंवा लस तेव्हा नव्हती, हेही खरेच. शिवाय प्रेताला हात लावू नका, असे सांगितले गेलेच होते. तरीही गिनीतील सुमारे ६० टक्के रुग्णांचा संबंध अंत्यविधींशी असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने नोंदवले. लोकांना माहिती नव्हती असे नाही; रूढी सुटत नव्हती.

रानवाट :
'हात लावू नका' हा मनाई हुकूम झाला, मार्गदर्शन नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लायबेरियाची राजधानी मोनरोव्हिया येथील उपचार केंद्रांत खाटा नव्हत्या आणि रुग्णांना दारातून परत पाठवावे लागत होते. घरी परतलेल्या आईने उलट्या करणाऱ्या मुलाजवळ जायचे की नाही, आणि जायचे तर कसे, याचे उत्तर कुठल्याच पत्रकात नव्हते. बादली, क्लोरीन आणि हातमोजे असलेले संच मोठ्या प्रमाणावर वाटले जाईपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

काळा कातळ :
मोनरोव्हियात ऑगस्टपासून सक्तीचे दहन सुरू झाले, त्याचाही विचार व्हावा. आपल्यापैकी अनेकांना दहनात वावगे काही वाटणार नाही. पण लायबेरियात मार्चमध्ये कबरी सजवण्यासाठी राष्ट्रीय सुट्टी असते, आणि जिथे कबरच उरणार नाही तिथे त्या दिवशी कुटुंबाने जायचे कुठे? परिणामी लोक मृत्यू लपवू लागले. नोव्हेंबरमध्ये आरोग्य संघटनेने धर्मगुरूंशी बोलून सुरक्षित दफनाची पद्धत ठरवली. तीत मुस्लिम मृतांसाठी पाण्याविना प्रतीकात्मक शुद्धी आणि मृतदेहाच्या पिशवीवरून पांढरे कफन, तसेच नातेवाइकांना अंतरावरून प्रार्थनेची मुभा होती. धोका तोच होता; फक्त 'नको' बरोबर 'असे करा' हेही आले.

तिठा :
दफनाची जागा, प्रशिक्षित पथके आणि वाहने हाताशी नसताना सन्मानाने दफन करू असे सांगणे ही निव्वळ थाप ठरली असती. तो दोष साधनांचा होता, सूचनांचा नव्हे. सूचना चुकल्या त्या सौम्यपणामुळे. बऱ्या झालेल्या पुरुषांना तेव्हा तीन महिने कंडोम वापरण्याचा सल्ला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये लायबेरियातून बरा होऊन आलेल्या एका भारतीय तरुणाच्या रक्तात विषाणू नव्हता, पण वीर्यात त्याचा अंश सापडल्याने त्याला दिल्ली विमानतळावरील विलगीकरण कक्षात ठेवण्यात आले. अनेकांना तो अतिरेक वाटला. मार्च २०१५ मध्ये लायबेरियात एका स्त्रीला लागण झाली. तिचा जोडीदार काही महिन्यांपूर्वी बरा झालेला होता आणि आजार सुरू झाल्यानंतर सहा महिने उलटूनही त्याच्या वीर्यात विषाणूचा अंश मिळाला. त्यानंतर सल्ला बदलून वर्षभर किंवा दोन चाचण्या निर्दोष येईपर्यंत असा झाला.

काळा कातळ :
या उदाहरणाचा आपण काढलेला अर्थ मला पटत नाही. विमानतळावरचा एक प्रवासी अडवून ठेवणे शक्य असते, हजारो वाचलेल्यांना नव्हे. त्यांपैकी अनेकांना गावाने आधीच वाळीत टाकले होते. त्यांना कोंडून ठेवण्याची भाषा ऐकू आली असती, तर चाचणीला कोणी फिरकले नसते. लायबेरियाने २०१५ मध्ये समुपदेशनासह ऐच्छिक चाचणी सुरू केली, ती याच कारणाने योग्य होती.

तिठा :
ऐच्छिक चाचणीला माझा विरोध नाही, मुदत छातीठोकपणे सांगण्याला आहे. २०२१ मध्ये गिनीत इबोला पुन्हा उद्भवला, तेव्हा तो विषाणू २०१४ च्या साथीतल्या विषाणूशी इतका जुळला की तो एखाद्या वाचलेल्या व्यक्तीच्या शरीरात वर्षानुवर्षे टिकून राहिला असावा, असा निष्कर्ष निघाला. मग वर्षभराची मुदत हा अंदाज आहे, हे पत्रकावरच का लिहू नये?

रानवाट :
लिहावे, पण त्याच ओळीत चाचणी कुठे, किती वेळा आणि कोणाला न कळता करून घेता येईल, हेही लिहावे. नुसता 'अंदाज आहे' एवढाच शब्द हाती आला, तर बरा झालेल्या माणसाला शेजारी जन्मभर घरात घेणार नाहीत.