बाबांचा कफ : ऑपरेशन की औषधं?

*बी-३०२:* नमस्कार मंडळी. बाबांना परत ताप आणि हिरवट कफ सुरू झालाय. जुन्या टीबीनंतर ब्रॉन्किएक्टेसिस (फुफ्फुसातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंद होणं) झालाय, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. एक सर्जन म्हणाले, डाव्या फुफ्फुसाचा खालचा लोब, म्हणजे खालचा भाग, काढून टाका. छातीचे डॉक्टर म्हणतात, थांबा. इंदूरमध्ये कुणाच्या घरी असं झालंय का?

*ए-१०४ काकू:* अरे बाळा, या वयात छाती कशाला उघडायची? अडुळशाचा काढा दे.

*सी-२०१ फिजिओ ताई:* काकू, नळ्या एकदा कायमच्या रुंद झाल्या की काढ्याने पूर्ववत होत नाहीत. त्यात कफ साचतो, जंतू वाढतात, नळ्या आणखी खराब होतात. दादा, सीटीत रोग एकाच लोबमध्ये दिसतोय का?

*बी-३०२:* डावीकडे खाली जास्त. उजवीकडेही मधल्या लोबमध्ये थोडा लिहिलाय.

*सी-२०१ फिजिओ ताई:* मग सर्जनना हेच विचारा, उजवीकडच्याचं काय? रोग एकाच जागी असेल आणि औषधं नीट घेऊनही त्रास थांबत नसेल, तेव्हा ऑपरेशनला खरा अर्थ. दोन्ही उपचारांची तुलना करणारी एकही रँडमाइज्ड ट्रायल (रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली चाचणी) कॉक्रेनच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या, आढाव्यात सापडली नव्हती. म्हणून ‘कापलं की बरं’ असं कुणी छातीठोक सांगू नये, असं मला मनापासून वाटतं. बाबा रोज कफ काढतात का?

*बी-३०२:* खोकून येईल तेवढा.

*सी-२०१ फिजिओ ताई:* तिथेच अडतंय! उजव्या कुशीवर झोपवा, म्हणजे डावी बाजू वर येईल. काही खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ सोडतो तसं ‘हाऽऽ’. जोरात खोकायचं नाही. सकाळ-संध्याकाळ, जेवणाआधी. कफात रक्त दिसलं तर मात्र हे बंद.

*डी-४०३:* आमच्या मामांना वाटीभर रक्त पडलं होतं. रात्रीच एमवाय हॉस्पिटलला नेलं.

*सी-२०१ फिजिओ ताई:* बरोबर केलंत. तेव्हा घरी थांबायचंच नाही. बहुतेकदा आधी रक्तवाहिनी आतून बंद करतात, एम्बोलायझेशन. त्याने भागलं नाही तर ऑपरेशन.

*ए-१०४ काकू:* बरं, काढा राहू दे. मऊ खिचडी पाठवते.

*बी-३०२:* घरात जुनी अँटिबायोटिक आहे, आज सुरू करू?

*सी-२०१ फिजिओ ताई:* मनाने नको. मेडिकलवरून निर्जंतुक डबी आणा, कफ कल्चरला (कुठले जंतू आहेत ते तपासायला) द्या आणि आजच डॉक्टरांना फोन करा. नमुना गोळी सुरू व्हायच्या आधीचा हवा. ताप वाढला किंवा धाप लागली तर रिपोर्टची वाट न बघता न्या.